वेंगुर्ले : बंदराचे शहर ते कलमांचे शहर
(बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कीड-रोग, खते, छाटणी या विषयांवर आपण नेहमी ऐकता. आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या किनाऱ्यावरील वेंगुर्ले या लहानशा शहराचा इतिहास आणि तेथील अर्थकारण आपल्यापुढे मांडायचे आहे. शेतकऱ्याने शहराचा इतिहास कशासाठी ऐकायचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की एखादे गाव कशावर जगते, कशामुळे मोठे होते आणि कशामुळे मागे पडते, हे वेंगुर्ल्याइतके स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण कोकणात क्वचितच सापडेल. त्यातून निघणारा धडा आपल्या खळ्यात वाळत असलेल्या काजूबीला थेट लागू पडतो.

प्रथम दोन आकडे पाहू. १९०१ च्या जनगणनेत वेंगुर्ल्याची लोकवस्ती सुमारे १९ हजार होती. त्याच वर्षी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या रत्नागिरीची वस्ती सुमारे १६ हजार होती. म्हणजे वेंगुर्ले रत्नागिरीपेक्षा मोठे होते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर ७६ हजारांवर गेले आणि वेंगुर्ले १२ हजारांच्या आसपास राहिले. देशाची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली त्या काळात हे शहर आकाराने कमी झाले. असे का झाले, आणि तरीही हे शहर का टिकले, या दोन प्रश्नांची उत्तरे आपण शोधू.

बंदराचे दिवस

वेंगुर्ल्याला निसर्गाने दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे गलबतांना आसरा देणारा किनारा, आणि दुसरी म्हणजे गोव्याची जवळीक. सतराव्या शतकात गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि डच लोक त्यांचे व्यापारातील वैरी होते. गोव्यावर नजर ठेवता येईल आणि आपल्या जहाजांना अन्नपाणी मिळेल, अशी जागा डचांना हवी होती. विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवून त्यांनी १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्यात वखार घातली. त्या वखारीची पडकी वास्तू आजही शहरात उभी आहे. परदेशी प्रवाशांच्या जुन्या लिखाणात या गावाचे नाव 'मिंग्रेला' असे येते.

परंतु बंदर म्हटले की त्यावर अनेकांचा डोळा असतो. आदिलशाही, मराठे, मोगल आणि सावंतवाडीचे सावंत यांच्या झटापटींत सतराव्या शतकात हे गाव एकाहून अधिक वेळा जळाले आणि पुन्हा वसले. पुढे १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले. किनाऱ्यावरील चाचेगिरी मोडण्यासाठी इंग्रजांना ते हवे होते.

इंग्रजी अमलात या बंदराची खरी भरभराट झाली. तिचे कारण घाटावर होते. बेळगाव येथे इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती, आणि तिला समुद्राकडून माल पोहोचवण्यासाठी वेंगुर्ले सोयीचे होते. पूर्वी रामघाटातून बैलांचे तांडे चालत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडी-आंबोलीमार्गे गाडीरस्ता झाला. वेंगुर्ले ते बेळगाव हा रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा आहे. घाटावरून कापूस, गूळ, धान्य खाली येई. बंदरातून मीठ, नारळ, मासळी, कापड वर जाई. गाडीवान, हमाल, तांडेल, दलाल, सराफ, वखारवाले अशा सर्वांना काम होते. १८७६ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. एवढ्या लहान गावाला इतक्या लवकर नगरपालिका मिळाली, ती या व्यापाराच्या बळावर.

रस्ता बदलला आणि बाजार उठला

आता पुढील भाग लक्षपूर्वक पाहावा. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोहोचली. त्याच दशकाच्या अखेरीस पोर्तुगीज हद्दीतील मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले. आंबोली घाटातून बैलगाडीने जो माल उतरत होता, तो आगगाडीने मुरगावला किंवा थेट मुंबईकडे जाऊ लागला. वेंगुर्ल्याचा किनारा तोच होता, माणसे तीच होती आणि त्यांची हुशारीही कमी झाली नव्हती. पण माल येईनासा झाला.

याचे मूळ कारण असे, की तो माल वेंगुर्ल्याचा नव्हता. कापूस घाटावरचा, गूळ घाटावरचा, गिऱ्हाईक मुंबईचे. वेंगुर्ले फक्त मधला दरवाजा होते. दुसरा दरवाजा स्वस्त आणि सोपा मिळताच वाटसरू तिकडे वळला. परक्या मालाच्या हमालीवर उभे राहिलेले वैभव असे एका रेल्वेमार्गाने ओसरते.

त्यानंतरही मुंबई-गोवा आगबोटींमुळे बंदराला काही काळ जाग राहिली. मुंबईला गिरणीत, गोदीत, घरकामाला जाणारा चाकरमानी याच धक्क्यावरून बोटीत चढे आणि गणपतीसाठी किंवा मे महिन्यात याच धक्क्यावर उतरे. घराघरांत मनीऑर्डर येई. म्हणजे पूर्वी गाव परक्या मालावर जगत होते, आता ते बाहेर गेलेल्या आपल्या माणसांच्या कमाईवर जगू लागले. पुढे एस.टी. आणि मोटाररस्ते झाले, बोटीही बंद झाल्या. मुंबई-गोवा महामार्ग कुडाळ-सावंतवाडीकडून गेला. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली, तीही आतल्या बाजूने. वेंगुर्ल्याला गाडी पकडायची तर कुडाळ किंवा सावंतवाडी गाठावी लागते. दळणवळणाचा मोठा रस्ता या शहराने एकदा नव्हे, तीनदा गमावला.

मीठ, मासळी आणि माणसे

एवढे होऊनही शहर ओस पडले नाही, कारण तालुक्याच्या स्वतःच्या अशा काही वस्तू होत्या. शिरोड्याची मिठागरे त्यांपैकी एक. १९३० च्या मे महिन्यात याच मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला आणि शिरोड्याचे नाव देशभर गेले. वि. स. खांडेकर त्या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. बॅरिस्टर नाथ पै आणि कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्म वेंगुर्ल्याचा. बंदर आटले तरी शाळा, वाचन आणि नाटक यांची आवड या गावाने सोडली नाही, हेही भांडवलच म्हणावे लागेल.

दुसरी वस्तू मासळी. रापण हा येथील जुना सहकार. मोठे जाळे होडीने समुद्रात नेऊन टाकायचे, दोन्ही टोकांनी सर्वांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे आणि मिळेल ती मासळी ठरल्या वाट्याने वाटून घ्यायची. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी आल्यावर किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली आणि रापणकरांचा वाटा घटला. शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. तथापि वाद अजून मिटलेला नाही. रेडी भागात लोहखनिजाच्या खाणी आहेत. त्यांनी काहींना रोजगार दिला. परंतु खनिज एकदा उचलले की पुन्हा येत नाही, आणि खाणीचा गाळ शेजारच्या शेतात उतरतो, ही गोष्ट शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको.

फळ संशोधन केंद्राचे काम

आता आपल्या विषयाकडे येऊ. काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणले. पुढे ते डोंगरउतारावर, वरकस जमिनीत, कुंपणाच्या कडेला आपोआप उगवत राहिले. कोणी त्याला पीक मानत नव्हते. बी पेरून आलेल्या झाडांत एक झाड भरपूर देई, तर शेजारचे काहीच देत नसे. बी कोठे लहान, कोठे मोठी.

१९५७ मध्ये वेंगुर्ले येथे फळ संशोधन केंद्र सुरू झाले. कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाल्यावर हे केंद्र विद्यापीठाकडे आले. शास्त्रज्ञांनी कामाची सुरुवात आसपासच्या गावांतील चांगली झाडे हेरण्यापासून केली. वेंगुर्ले तालुक्यातील अणसूर आणि वेतोरे ही गावे आपल्याला माहीत आहेत. अणसूरच्या निवडक झाडापासून 'वेंगुर्ला-१' ही जात निघाली व १९७४ मध्ये तिची शिफारस झाली. वेतोऱ्याच्या झाडाचा 'मिदनापूर रेड' या बंगालकडील वाणाशी संकर करून 'वेंगुर्ला-४' तयार झाली. 'वेंगुर्ला-६' ही तर वेतोरे व अणसूर येथील झाडांचीच संतती आहे. 'वेंगुर्ला-७' ही १९९७ च्या सुमारास आली. तिची बी सुमारे १० ग्रॅम वजनाची असते आणि गराचे प्रमाण सुमारे ३० टक्के असते. आपल्या परसातील झाड हेच देशभर गेलेल्या वाणाचे मूळ असू शकते, हे बागायतदाराने ध्यानात ठेवावे.

आंब्यातही या केंद्राने मोलाचे काम केले. हापूसला चव आहे. पण साक्याचा दोष आहे आणि तो दरवर्षी सारखा धरत नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये 'सिंधू' ही जात दिली गेली. दोन्ही जातींत साका होत नाही. सिंधूची कोय अगदी पातळ असते.

कलमांचे तंत्र बसले आणि नेमक्या त्याच सुमारास, १९९० मध्ये, रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना आली. नाचणी-वरी पिकवणारे उतार आंबा-काजूखाली आले. रोपवाटिका उभ्या राहिल्या. एकेकाळी दुसऱ्याचा माल चढवणारे वेंगुर्ले आता स्वतःच्या नावाची कलमे गाड्यांतून बाहेर पाठवू लागले. 'वेंगुर्ला काजू' या नावाला २०१६ च्या सुमारास भौगोलिक मानांकनही मिळाले. रेल्वे कोठूनही गेली तरी हे नाव कोणाला हलवता येणार नाही.

एका बीचा हिशेब

शहराचे अर्थकारण शेवटी बागेच्या हिशेबावर येते, म्हणून हा हिशेब नीट पाहू.

गावठी झाडाची बी ५ ग्रॅमची धरली, तर एका किलोत २०० बिया येतात. वेंगुर्ला-७ च्या १०० बिया येतात. काजू कारखान्यात बी उकडून किंवा वाफवून घेतात. त्यानंतर ती कापणे, गर वाळवणे, साल सोलणे आणि प्रतवारी ही कामे होतात. कापणाऱ्या बाईला प्रत्येक बी हातात घ्यावी लागते. म्हणजे त्याच एका किलोसाठी गावठी बीला दुप्पट वेळा हात लागतो.

आता गर पाहू. गावठी बीत २५ टक्के गर धरला तर १०० किलोला २५ किलो गर मिळतो. वेंगुर्ला-७ मध्ये ३० किलो मिळतो. पाच किलो गर अधिक, तोही मोठा. काजूगराची प्रत एका पौंडात म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये किती गर बसतात यावर ठरते. 'डब्ल्यू-१८०' म्हणजे पौंडात सुमारे १८० अखंड पांढरे गर, 'डब्ल्यू-३२०' म्हणजे सुमारे ३२०. वेंगुर्ला-७ चा गर ३ ग्रॅमचा, म्हणजे पौंडात सुमारे १५०. तो अखंड निघाला की वरच्या प्रतीत जातो. गावठी बीचा गर सव्वा ग्रॅमचा, म्हणजे पौंडात ३६० च्या वर. तो ३२० च्याही खाली राहतो. काजूचा भाव प्रतीनुसार ठरतो, त्यामुळे बागायतदार आणि कारखानदार दोघांचेही नशीब जातीपासूनच ठरू लागते.

परंतु चांगली जात लावूनही तिचा फायदा अनेकांच्या हाती लागत नाही. याची कारणे आपल्या अंगणातच सापडतात. चोरी होईल या भीतीने बोंडे हिरवी असतानाच ओरबाडली जातात. अशी बी पोचट राहते. वेगवेगळ्या जातींची बी एकाच पोत्यात भरली जाते. ओल्या बीला दोन-तीन उन्हे न दाखवताच ती दारावर आलेल्या व्यापाऱ्याला घातली जाते. मग व्यापारीही वाईटातले वाईट धरून भाव करतो. त्यात परदेशातून, मुख्यतः आफ्रिकेतून, येणाऱ्या कच्च्या बीची स्पर्धा आहे. ज्याचा माल सरसकट आहे, त्याला या स्पर्धेत बोलायला जागाच उरत नाही.

आणखी एक गोष्ट. बीच्या कित्येक पट वजनाची बोंडे बागेत कुजून जातात. शेजारच्या गोव्यात त्यांपासून फेणी होते. आपल्याकडे सरबत आणि सिरप करता येते. त्यासाठी बोंडे पडल्या दिवशीच वेचून, स्वच्छ धुऊन, रसातील तुरटपणा काढून पुढील कृती करावी लागते. टरफलापासून तेल निघते. रंग व वंगणाच्या उद्योगांत त्याला मागणी आहे. गर, तेल आणि रस या तिन्हींचा पैसा ज्या तालुक्यात राहील, त्या तालुक्याचे शहर मोठे होईल. कच्ची बी पोत्याने बाहेर गेली, तर आपणही पुन्हा मधला दरवाजाच होऊ.

आजचे शहर

आजचे वेंगुर्ले लहान असले तरी त्याने काही गोष्टी नमुनेदार करून दाखविल्या आहेत. २०१५ नंतर नगरपालिकेने घरोघरीचा कचरा प्रकारवारीने वेगळा घेण्यास सुरुवात केली. ओल्या कचऱ्यापासून गॅस व खत तयार होऊ लागले आणि पूर्वीच्या कचरा डेपोच्या जागी पाहुण्यांना दाखवावी अशी बाग झाली. महिला बचत गटाच्या भगिनींनी मांडवी खाडीत होडीतून कांदळवन दाखविण्याचा व्यवसाय उभा केला. वायंगणीच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी ग्रामस्थ जपतात आणि पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लोक येतात. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तालुक्यातील परुळे-चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले.

नवा रस्ता, नवा विमानतळ यांचे स्वागत जरूर करावे. परंतु १८८० च्या दशकातील अनुभव विसरू नये. रस्ता पाहुणा आणतो आणि रस्ताच तो दुसरीकडे नेतो. पाहुणा आला तर त्याच्या हाती द्यायला आपल्या बागेचा माल असावा. जमीन विकून आलेला पैसा एका पिढीत संपतो. कलम मात्र पुढच्या पिढीलाही फळ देते. तौक्ते चक्रीवादळाने मे २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातील बागांना तडाखा दिला, तेव्हा एकाच पिकावर सर्व भिस्त ठेवणारा अधिक अडचणीत येतो, हेही दिसले. म्हणून काजू-आंब्याबरोबर माड, सुपारी, कोकम यांनाही जागा ठेवावी. कोकमाला पाणी आणि मशागत बेताचीच लागते, आणि आमसूल व आगळ घरच्या घरी होते.

बागायतदारांनी काय करावे

आपल्यासाठी काही गोष्टी थोडक्यात सांगतो.

१. कलमे विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. जातीचे नाव, लागवडीचे वर्ष व ओळ यांची वहीत नोंद ठेवावी. जोडाखाली फुटणारी पालवी वरचेवर काढावी, नाहीतर मूळचे गावठी खोड वाढते आणि कलम मरते.

२. जुन्या बागेतील कमी देणारी झाडे ओळखावीत. सलग तीन हंगाम झाडवार बी मोजली तर कोणते झाड पोसायचे आणि कोणते बदलायचे हे आपोआप कळते.

३. नवी पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन अवस्थांत ढेकण्यावर लक्ष ठेवावे. खोडकिडा लागलेल्या बुंध्यातून भुसा व डिंक येतो. तो दिसताच उपाय करावा. औषधाची निवड विद्यापीठाच्या चालू शिफारशीनुसारच करावी.

४. गळून पडलेल्या पक्व बोंडाचीच बी घ्यावी. ती जातवार वेगळी ठेवून दोन ते तीन दिवस कडक उन्हात वाळवावी आणि मगच पोत्यात भरावी.

५. एकट्याने व्यापाऱ्यासमोर उभे राहू नये. वाडीतील दहा-पंधरा बागायतदारांनी माल एकत्र करून, वजनाचा व प्रतीचा दाखला ठेवून विक्री करावी. रापण एकट्याने ओढता येत नाही, हे आपल्या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको.

६. शक्य असेल तेथे गटाने लहान प्रक्रिया केंद्र उभारावे. प्रथम कापणी व वाळवणी, जम बसल्यावर सोलणी व प्रतवारी, त्यानंतर आपल्या नावाची पिशवी, असा क्रम ठेवावा. एकदम मोठे कर्ज काढून यंत्रे आणू नयेत. वर्षभर पुरेल एवढी बी गटाकडे आहे काय, हे आधी पाहावे.

बंधू-भगिनींनो, डचांची वखार पडली आणि आगबोटीचा भोंगा थांबला. पण अणसूर आणि वेतोऱ्याच्या झाडांचे वंशज आज महाराष्ट्राबाहेरही फळत आहेत आणि त्यांच्या नावात वेंगुर्ले आहे. जे या मातीत रुजले ते टिकले. येत्या हंगामात बी विकण्यापूर्वी ती जातवार वेगळी करून, वाळवून, तोलून पाहावी. कामाची सुरुवात तेवढ्यापासून करता येते. जवळच्या केंद्रातील शास्त्रज्ञ व कृषी अधिकारी आपल्या मदतीला आहेतच. आपल्या अडचणी त्यांच्यापुढे मांडाव्यात आणि आपल्या बागेतील एखादे चांगले झाड असेल तर तेही त्यांना अवश्य दाखवावे.